नाणेभोवऱ्याच्या पोटातल्या चकत्या

मित्रांनो, मी एक जुना नाणेभोवरा आहे आणि मला माणसांची शिसारी आली आहे. आत्मवृत्ताची सुरुवात अशी करू नये, हे मला कळते. आधी नम्रपणे आपली ओळख द्यावी, मग बनवणाऱ्याचे आभार मानावेत, अशी रीत आहे. पण चौदा वर्षे ज्याच्या तोंडात लोकांनी तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या पन्न्या कोंबल्या, त्याच्याकडून एवढी नम्रता कशी निघावी? तरी ओळख देतो, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल.

सेलूहून हिंगणीकडे जाणाऱ्या रस्त्याला, बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनिंगच्या गोदामात मुलांसाठी विज्ञान केंद्र आहे. भिंतींना अजून सरकीचा वास येतो. दारातून आत आलात की डाव्या हाताला मी उभा आहे. माझे तोंड बैलगाडीच्या चाकाएवढे रुंद आहे आणि ते खाली खाली निमुळते होत मधल्या भोकात उतरते. काठावर एक उभी खाच आहे. त्या खाचेतून नाणे सोडले की ते आडवे पडत नाही. कडेवर उभे राहते, जरासे आत कलते आणि गोल गोल पळू लागते. आधी मोठमोठ्या निवांत फेऱ्या, मग लहान, मग आणखी लहान, आणि मध्याजवळ जावे तसा वेग वाढत जातो. शेवटी नाणे दिसतच नाही, नुसती घरघर ऐकू येते, आणि मग ते खळ्ळकन माझ्या पोटात पडते. सूर्याजवळचे ग्रह जोरात का पळतात आणि लांबचे सावकाश का जातात, ते मी असे दाखवतो. पोटातले पैसे केंद्राला देणगी म्हणून मिळतात. थोडक्यात, मी दानपेटीही आहे आणि प्रयोगही आहे.

मला पुंडलिकरावांनी बनवले. हिंगणघाटला त्यांचा फायबरचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, चार कामगार आणि डोळ्यांत पाणी आणणारा वास. कुलरच्या टाक्या आणि बागेतल्या घसरगुंड्या बनवण्यात त्यांचे आयुष्य गेले. कुठल्याशा मोठ्या शहरातल्या विज्ञान संग्रहालयात त्यांनी माझ्यासारखा एक भोवरा पाहिला. तिथून परत आल्यावर ते चार दिवस कोणाशी धड बोलले नाहीत. मग त्यांनी शेडच्या मधोमध एक लोखंडी पाइप उभा रोवला, पत्र्याचा तुकडा हव्या त्या वळणात कापला आणि तो पाइपाला अडकवून ओल्या प्लास्टरवरून फिरवत राहिले. असा माझा साचा तयार झाला. त्यावर फायबरचे थर चढले. मी साच्यातून निघाल्यावर त्यांनी पॉलिशपेपर पाण्यात भिजवून मला अकरा दिवस घासले. डोळे मिटून, तळहात फिरवून ते कुठे खडबडीत आहे ते शोधत.

त्यांचे जावई एकदा शेडमध्ये येऊन म्हणाले, "मामाजी, एवढी मेहनत कायले? टिनाची पेटी ठेवा, वर दान म्हणून लिहा, झालं काम."

पुंडलिकराव हात न थांबवता म्हणाले, "पेटीत पैसा टाकला तं ठक्कन पडते. देणाऱ्याले काय भेटलं? इथं एक रुपया टाकला तं लेकरू मिनिटभर वाकून पाहत राहीन. आपण देलं, त्याचं काय होते, हे त्याले डोयानं दिसलं पाह्यजे."

त्यांनी मला केंद्राला फुकट दिले. पहिले नाणे त्यांनीच सोडले, जुने जाड पाच रुपयांचे. तेवीस फेऱ्या झाल्या. ते आवाजावरूनच फेऱ्या मोजत होते आणि मला त्या दिवशी स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

मित्रांनो, माझ्या त्या सुरुवातीच्या वर्षांबद्दल बोलायचे तर पंचफुलाबाईंबद्दलच बोलावे लागते. त्या हिंगणीपलीकडच्या, जंगलाला लागून असलेल्या एका गावच्या, गोंड कुटुंबातल्या. तिकीट फाडणे, फरशी पुसणे, आरसे पुसणे, संध्याकाळी कुलूप लावणे, सगळे त्यांच्याकडे. त्यांची खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवलेली आणि मी त्यांच्या पाठीमागे. त्यामुळे मला दिवसभर पाहायची सोय त्यांना नव्हती. त्या मला ऐकत. ऐकून ऐकून त्यांचे कान इतके तयार झाले की सोडणाऱ्याने सांगण्याआधीच नाणे कितीचे ते त्या सांगत. एक रुपया बारीक किणकिणतो. दोनचा सूर जरा खालचा. जुने पाच जड पायाने चालते. दहाच्या नाण्यात दोन धातू एकात एक बसवलेले असतात, म्हणून त्याचा आवाज दबका. आणि अलीकडे आलेल्या वीसच्या नाण्याला बारा कोपरे, ते टकटकत जाते. माझा नियम त्यांना कोणी पुस्तकातून शिकवला नव्हता, पण माझी प्रकृती त्यांच्याइतकी कोणाला कळली नाही.

दर विज्ञान दिनाला आश्रमशाळेची मुले यायची. त्यांच्या विज्ञानाच्या शिक्षिका आकांक्षा मॅडम त्यांना घेऊन येत. चाळीस मुलांत मिळून पाच-सात नाणी असत. एकेक नाणे कोणी सोडायचे यावर भांडण होण्याआधीच पंचफुलाबाई सगळ्यात मागे उभ्या असलेल्या पोरीला बोट करून पुढे बोलवत. मग पाठ करून बसत. नाणे सुटले की गोंडीत फेऱ्या मोजू लागत, उंदी, रंड, मूंद. घरची भाषा अशा पॉलिश केलेल्या जागेत ऐकून मुले आधी एकमेकांकडे बघत आणि मग सगळी एका सुरात मोजू लागत. नाणे पडले की बाई सांगत, "दोनचं होतं." मुले ओरडत, बरोबर, बरोबर. ते दिवस माझे सगळ्यात चांगले दिवस होते.

आता घाणीकडे वळतो. ती टाळून आत्मवृत्त लिहिणे मला जमणार नाही.

आमच्याकडच्या बाजारात दहाचे नाणे घ्यायला लोक कुरकुरतात. चालते, चालते, असे कितीदा जाहीर झाले, तरी भाजीवाली मान हलवते आणि ऑटोवालाही मान हलवतो. मग ते न खपणारे नाणे लोक माझ्याकडे आणतात. बाजारात नापास झालेले नाणे माझ्या तोंडात सोडायचे आणि बायकापोरांकडे वळून म्हणायचे, चला, दान झालं. माझ्यात बाटल्यांची झाकणे आली, चघळलेले च्युइंगम आले, सेलोटेपने चिकटवलेली फाटकी नोट आली. एका गृहस्थाने तर वाकून नाणे पाहता पाहता खर्र्याची पिचकारी मारली, आणि मग रुमालाने स्वतःचेच तोंड पुसले. पंचफुलाबाईंनी मला तीनदा धुतले तरी तो वास आठवडाभर गेला नाही. पुढे मोबाइलवरून पैसे देणे सुरू झाले, तेव्हा माझ्या आतल्या बाजूला, पुंडलिकरावांनी अकरा दिवस घासलेल्या अंगावर, पैसे पाठवायचा तो काळा-पांढरा चौकोन डिंकाने चिकटवण्यात आला. लोक मोबाइल दाखवून पैसे पाठवत आणि काहीतरी फिरेल म्हणून माझ्याकडे बघत उभे राहत. कधी काही फिरले नाही. पुढे तो कागद निघाला, त्याचा चिकटा मात्र अजून आहे.

पण ही सगळी वरवरची घाण. खरी किळस मला ज्याची आली ते आता सांगतो.

केंद्र चालवणाऱ्या मंडळाचे सचिव अण्णाजी. पांढरे परीटघडीचे कपडे, खिशाला दोन पेने, बोलणे गोड. मित्रांनो, अण्णाजी चोर नव्हते, हे आधीच सांगतो. माझ्या पोटातला एक रुपयाही त्यांनी घरी नेला नाही. त्यांचा रोग वेगळा होता. त्यांना कार्यक्रम नीट दिसायला हवा असे. हाराला हार, शालीला शाल, फोटोत सगळ्यांची तोंडे.

सहा वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात मोठ्या पाहुण्यांच्या हस्ते माझ्यात नाणे सोडायचे ठरले. पाहुण्यांनी खिसा चाचपला, मग दुसरा चाचपला. नाणे नव्हते. मोबाइलच्या दिवसांत नाणी बाळगतो कोण? अण्णाजींनी मंडळाच्या माणसांकडे पाहिले. त्यांच्याकडेही नव्हते. फोटोवाला कॅमेरा डोळ्याला लावून तसाच उभा. शेवटी पहिलीतल्या एका पोरीने मुठीतला रुपया पुढे केला आणि पाहुण्यांनी तो घेऊन माझ्यात सोडला. पोरगी नंतर रडली. अण्णाजींना पोरीचे काही वाटले नाही, पाहुण्यांची फजिती मात्र त्यांना फार लागली.

पुढच्या कार्यक्रमाला लाल मखमल टाकलेले तबक आले. तबकात पाच चकचकीत चकत्या. त्या नाणी नव्हत्या. हार्डवेअरच्या दुकानात नट-बोल्टबरोबर मिळतात ते निकेल चढवलेले वॉशर होते. मधोमध भोक असलेले.

अण्णाजी पंचफुलाबाईंना म्हणाले, "फक्त फोटोपुरतं आहे, पंचफुला. मागून काढून घेऊ अन् त्याच्या जागी मंडळाचे पैसे टाकू. कोणापाशी बोलू नको, पाहुण्यांचा अपमान होते."

"हो जी," बाई म्हणाल्या.

नंतर काढायचे राहिले. मग पुढच्या कार्यक्रमाला पुन्हा तेच तबक, पुन्हा फोटोपुरते. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, विज्ञान दिन, कोणाचा तरी वाढदिवस. माइकवरून गर्जना व्हायची, पाहुण्यांच्या शुभहस्ते विज्ञानकार्याला दान, आणि पाहुणे हसऱ्या तोंडाने कॅमेऱ्याकडे बघत माझ्यात वॉशर सोडायचे. टाळ्या पडायच्या. मित्रांनो, तुम्ही वॉशर कधी हातात धरला आहे का? त्याचे भोक बोटाला लागतेच. न लागणे शक्य नाही. सहा वर्षांत जेवढे पाहुणे आले तेवढ्या सगळ्यांच्या बोटाला ते भोक लागले. पुढारी होते, कंत्राटदार होते, दोन संस्थाचालक होते, एक तर नीतिमूल्यांवर भाषण करून आले होते. एकानेही तबकाकडे दुसऱ्यांदा पाहिले नाही. मला तेव्हा वाटायचे की पोट उलटे करता आले असते तर मी ते त्यांच्या शालीवर उलटे केले असते.

वॉशरच्या कडेला बारीक धार असते. दर फेरीला ती धार माझ्या अंगावर चीर पाडत गेली. तेवीस फेऱ्यांच्या वीस झाल्या, मग सतरा. पंचफुलाबाईंना ते ऐकू येत होते. पुसताना त्यांचा हात त्या चिरांवर थांबायचा, पण त्यांनी शब्द दिला होता आणि त्या गप्प राहिल्या.

या वर्षीच्या जानेवारीत मंडळाने ठरवले की केंद्रामागे मुलींसाठी स्वच्छतागृह बांधायचे आणि त्याची सुरुवात माझ्या पोटातल्या पैशांनी करायची. कल्पना चांगली होती. सगळे सभासद जमले, जमिनीवर वर्तमानपत्रे पसरली आणि सहा वर्षांत पहिल्यांदाच माझे पोट उघडले. नाणी घरंगळत आली आणि त्यांच्याबरोबर वॉशरही आले. मुठी-मुठीने आले. तिथे बसलेल्यांचे हसणे थांबले.

प्रफुल नावाचे एक सभासद होते, मंडळात नवे. त्यांनी एक वॉशर उचलून विचारले, "हे काय भानगड आहे?"

अण्णाजींनी त्या ढिगाकडे पाहिले. एका वाक्यात सगळे मिटले असते. फोटोसाठी मीच टाकायला लावले, एवढे म्हणायचे होते. लोक हसले असते आणि चहा प्यायला उठले असते. अण्णाजी म्हणाले, "चाबी पंचफुलाच्या टेबलामागच्या खिळ्याले राह्यते."

मित्रांनो, या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. चावी खरेच त्या खिळ्याला असे. म्हणून तर मला त्याची जास्त घाण वाटते.

बाई फडके हातात घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "अण्णाजी, तुम्हीच तं म्हटलं होतं, फोटोपुरतं म्हणून."

"मी काय म्हटलं? कवा म्हटलं?" अण्णाजी म्हणाले. त्यांचा आवाज तेव्हाही गोडच होता.

सभासदांनी बाहेर जाऊन कुजबुज केली आणि निर्णय घेऊन आत आले. पंचफुलाबाईंनीच नाणी काढून त्या जागी वॉशर भरले असणार, तेव्हा त्यांनी विज्ञान दिनानंतर कामावर येऊ नये. तोपर्यंत यावे, कारण त्या दिवशी पाहुणे आहेत आणि फरशी चकचकीत लागते. बाईला चोर ठरवायचे आणि वर तिच्याकडूनच पाहुण्यांसाठी फरशी पुसून घ्यायची, हे त्यांना एका श्वासात सुचले. वॉशर आणि नाणी तशीच पुन्हा माझ्या पोटात भरली, नंतर पाहू म्हणून, आणि कुलूप घातले. चावी या खेपेला अण्णाजींनी स्वतःच्या खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई मला पुसायला आल्या. केंद्रात दुसरे कोणी नव्हते. पुसता पुसता त्या माझ्याशीच बोलल्यासारखे बोलल्या, "नोकरी गेली तं गेली बापा, तेंदूपत्ता तोडाले जाईन. पण गावात चोट्टी म्हणतीन न मले." मग त्यांनी फडके पिळले आणि आरसे पुसायला गेल्या. मला तोंड केवढे मोठे दिले आहे, पण त्यातून एक शब्द निघत नाही. त्या दिवशी मला माझीही किळस आली.

विज्ञान दिन उजाडला. मांडव घातला होता, गोदामाच्या दाराला झेंडूच्या माळा होत्या. बाईंना सांगण्यात आले होते की खुर्चीवर बसू नको, पोछा घेऊन मागे राहा. आकांक्षा मॅडम चाळीस मुलांना घेऊन आल्या आणि मुलांनी पहिल्यांदा बाईंनाच शोधले. खुर्ची रिकामी पाहून मॅडमनी विचारले, "बाई, तुम्ही तिकडं कोपऱ्यात काऊन?"

बाईंनी दोन वाक्यांत सांगितले. मॅडमचा चेहरा उतरला. तेवढ्यात मुले हट्टाला पेटली, ओळखायचा खेळ, ओळखायचा खेळ. मॅडम म्हणाल्या, "बाई, लेकरं वर्षभर वाट पाहून राह्यले होते. खेळा त्यांच्याबरोबर." बाई पोछा धरून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मुलांनी सहा नाणी सोडली. पाच, एक, एक, दोन, दहा, आणि पुन्हा एक. बाईंनी सहाही ओळखली. मंडळाचे चार-पाच सभासद बाजूला उभे राहून ते बघत होते. प्रफुलही होते.

मग पाहुण्यांची गाडी आली. पाहुणे होते कैलासभाऊ, गिट्टीच्या खाणीचे मालक. पुढच्या रांगेत पुंडलिकराव बसले होते. माझे निर्माते म्हणून त्यांचाही सत्कार होता. आता त्यांनी ऐंशी ओलांडली होती, मोतीबिंदूच्या दोन्ही शस्त्रक्रिया बिघडल्यामुळे त्यांना फार कमी दिसत होते. शाल झाली, श्रीफळ झाले, भाषण झाले. मला वाटले होते की जानेवारीत एवढे झाल्यावर तबक काही येणार नाही. पण आले. तेच लाल मखमल, त्याच चकत्या. सहा वर्षांच्या सवयीने अण्णाजींचा हात कपाटातल्या त्याच कप्प्याकडे गेला असावा. कैलासभाऊंनी एक चकती उचलली, अंगठ्याने भोक झाकले आणि कॅमेऱ्याकडे बघून माझ्या खाचेत सोडली.

टाळ्या सुरू होणार होत्या. पण मुले अजून खेळातच होती. रक्षा नावाची सहावीतली पोरगी सगळ्यांत पुढे उभी होती. तिने मागे वळून हाक मारली, "पंचफुलाबाई, हे कितीचं?"

सगळ्यांच्या माना बाईंकडे वळल्या. त्या पाठ करून उभ्या होत्या. अण्णाजी माइकवर म्हणाले, "पोट्टेहो, शांत बसा." मुले शांत झाली. त्यामुळे वॉशरचा आवाज आणखीच स्पष्ट झाला. बारा, तेरा, चौदा. बाई बोलल्या नसत्या तरी चालले असते. नोकरी गेलीच होती, बोलून परत यायची नव्हती, उलट भर कार्यक्रमात पाहुण्यांचा अपमान केला म्हणून वेगळा बट्टा लागला असता. वॉशर पोटात पडेपर्यंत त्यांनी पूर्ण ऐकून घेतले.

"हे पैसा नोहे," त्या म्हणाल्या. "वायसर आहे."

त्यांनी आवाज चढवला नाही, पण माइक चालू होता आणि मांडवापर्यंत सगळ्यांना ऐकू गेले.

कैलासभाऊ हसून म्हणाले, "अवं बाई, पाठ करून उभी तू, तुले का दिसते?"

"दिसत नाई जी. आयकू येते."

आकांक्षा मॅडम पुढे झाल्या. त्यांनी तबकातली दुसरी चकती उचलली, डोळ्याला लावली आणि भोकातून मुलांकडे पाहिले. मुले हसू लागली. प्रफुलही पुढे आले आणि तबकाकडे पाहत राहिले. कैलासभाऊंचे हसणे मावळले. ते म्हणाले, "मले जे देलं, ते मी टाकलं."

मित्रांनो, चौदा वर्षांत मी थुंकी झेलली, च्युइंगम झेलले, पण याच्याइतके घाण माझ्यात काही पडले नाही. मला जे दिले, ते मी टाकले. सहा वर्षांतल्या प्रत्येक पाहुण्याचे म्हणणे हेच असणार होते.

पुंडलिकराव काठी टेकत उठले. "मलेही आयकू आलं," ते म्हणाले. "मले वाटलं, माहेच कान गेले." ते माझ्याजवळ आले आणि पूर्वीसारखे डोळे मिटून त्यांनी तळहात माझ्या आतून फिरवला. हात चिरांवरून अडखळत गेला. त्यांनी विचारले, "अण्णाजी, ह्या चिरा कायच्या?"

अण्णाजी म्हणाले, "पुंडलिकराव, ते फोटोपुरतं होतं. दरवेळचं फोटोपुरतंच होतं." आणि मग त्यांना कळले की आपण काय बोलून गेलो.

प्रफुल म्हणाले, "मंग जानेवारीत काऊन नाई सांगितलं?"

कैलासभाऊ घड्याळ बघून गाडीकडे निघाले. शाल आणि नारळ त्यांनी बरोबर नेला. पुंडलिकराव बाईंच्या आवाजाच्या दिशेला वळून म्हणाले, "बाई, तुमचं काय म्हणणं आहे?"

पंचफुलाबाई आता आमच्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मले काई नाई पाह्यजे. मी उद्या येईन, झाडीन, पुसीन. पण पोटातले वायसर अण्णाजीनं वेचावं. आत्ता, इथंच, लेकराईसमोर."

अण्णाजी म्हणाले, "माहे गुडघे नाई वाकत, पंचफुला."

"वाकवा," पुंडलिकराव म्हणाले. "नाई तं मी माहा भोवरा ट्रॅक्टरवर टाकून घेऊन जातो."

अण्णाजींनी खिशातून चावी काढली. पुन्हा वर्तमानपत्रे आली, पुन्हा माझे पोट उघडले. परीटघडीचे पांढरे कपडे घालून अण्णाजी जमिनीवर मांडी घालून बसले. त्यांच्या डाव्या बाजूला टिनाचा एक डबा, त्यात वॉशर. उजव्या बाजूला दुसरा, त्यात नाणी. चाळीस मुले गोल करून बसली. पंचफुलाबाई त्या गोलात आल्या नाहीत. त्या शांतपणे चालत गेल्या आणि दाराकडे तोंड करून आपल्या खुर्चीवर बसल्या.

अण्णाजी वेचू लागले. खण, खण, टिण. घामाने अण्णाजींचा चष्मा सारखा घसरत होता आणि लवकर उरकावे म्हणून ते घाई करत होते.

"अण्णाजी," खुर्चीवरून आवाज आला, "ते वायसर पैशाच्या डब्यात पडलं."

अण्णाजींनी डब्यात हात घातला. पडले होते. त्यांनी ते काढून दुसऱ्या डब्यात टाकले. आणखी थोड्या वेळाने पुन्हा तेच झाले, आणि बाईंनी पुन्हा तेवढ्याच शांतपणे सांगितले. तिसऱ्या वेळी अण्णाजींनी मान वळवून मागे पाहिले. बाई दाराकडेच बघत होत्या. त्यानंतर मात्र ते एकेक उचलून, नीट बघून टाकू लागले, आणि संध्याकाळची बस सुटून गेली तरी एकही मूल जागचे हलले नाही.

त्याला आता काही महिने झाले. अण्णाजी अजून सचिव आहेत. बाईंची माफी कोणी मागितली नाही, झाले गेले विसरून जा, एवढेच सगळे म्हणाले. माझ्या अंगावरच्या चिरा तशाच आहेत आणि नाणे आता चौदा फेऱ्यांतच खाली येते. पुंडलिकराव घासायला येतो म्हणाले होते, पण त्यांचा हात थरथरतो. खर्र्याच्या पन्न्या येतच आहेत. परवाच कोणीतरी शर्टाचे बटण टाकले. पंचफुलाबाई रोज सकाळी मला ओल्या फडक्याने पुसतात आणि मग खुर्चीवर जाऊन बसतात.

मित्रांनो, माझ्याकडे जरूर या. खिशात नाणे नसले तरी या, काठावर हात ठेवून दुसऱ्याचे नाणे फिरताना पाहा, त्याला पैसे पडत नाहीत. माझ्यात थुंकू नका, एवढे तरी माझ्यासाठी करा. आणि पुढे कधी तुम्ही मोठे झालात, अंगावर शाल आली, समोर मखमलीचे तबक आले, सगळे टाळ्या वाजवायला हात उचलून उभे असले, तेव्हा बोटाला भोक लागते आहे का तेवढे पाहा. लागत असेल तर ते तबकात परत ठेवा. पाठ करून बसलेल्या बाईंना सगळे ऐकू येते.